म्हशींच्या उबेएवढी थंडी

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहितोय.

आज गावी, पासलीला आहे. जानेवारी अर्धा सरला तरी थंडीचा पत्ता नाही आणि चुलतभाऊ दत्ताच्या हरभऱ्याला घाटे धरत नाहीत. "हवामान बदललंय रे," म्हणालो, तर त्यानं आमच्या आजोबांची वही पुढ्यात आपटली. चाळीसच्या दशकात आबांकडे काचेचा थर्मामीटर होता. रोज पहाटे बघून ते तापमान लिहून ठेवायचे.

"बघ, तवाबी एवढंच हुतं. उगा बोंबलू नगं."

आज पहाटे अंगणात मी मोजलं, तर खरंच तेवढंच भरलं होतं. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

शेजारी पावटा सोलत बसलेल्या आत्या, म्हणजे आबांची थोरली लेक, हसायला लागल्या. "आरं, ती काच बाहीर कुठं हुती? वाऱ्यानं आपटून फुटंल म्हणून आबा गोठ्यात टांगायचे, म्हशींच्या डोक्यावर. थंडीत आमी समदी पोरं तितंच उबीला बसायचो."

दत्ता हसला नाही. मीही नाही.

एका घरच्या वहीवरून जगाचा निकाल लागत नाही, मान्य. पण तेव्हा म्हशींच्या उबेत जेवढं भरायचं, तेवढं आज आमच्या उघड्या अंगणात भरतंय.

त्या काळी पहाटे गोठ्याबाहेर किती गार असायचं, तुमच्यापैकी कुणाच्या घरी ठाऊक आहे का? आमच्याकडे ते कुणी मोजलंच नाही.