पोत्यासकट वजन

"वाचतो काय रे? तुझ्या बापानं वाचलं होतं का कधी?"

फौजदारानं पंचनाम्याचा कागद माझ्या हातातून ओढला, दुमडला आणि फक्त सहीपुरती जागा उघडी ठेवली. ठाण्याच्या आवारात दहा-बारा माणसं होती. सगळी हसली. मागून एक शिपाई म्हणाला, "बी.ए. हाय सायेब तो. जपून बोला." अजून हसली.

मी सही केली.

मी नांदेडच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, मापाडी. आडतीवर आलेला माल काट्यावर चढवायचा, वजन सांगायचं. बिलोलीकडच्या आमच्या वस्तीत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. नोकरी मिळाली नाही म्हणून काटा धरला. त्याची मला कधी लाज वाटली नाही.

त्या दिवशी पोलिसांनी एक टेम्पो पकडला होता. कोथिंबिरीच्या जुड्यांखाली गांजाची तीन पोती. वजनाला माणूस पाहिजे म्हणून ठाण्यातून मालकाला फोन आला. मालकानं मला काट्यासकट पाठवलं. ड्रायव्हर भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. जुड्यांवर मारलेलं पाणी झिरपून पोती ओलीचिंब. मी ती काट्यावर ठेवली. एकवीस किलो तीनशे.

सवयीनं म्हणालो, "सायेब, बारदाना वजा करायचा हाय. रिकामी पोती मोजू द्या."

"मोंढा समजलास का हा? भरलं तसं सांग."

लिहून झाल्यावर मी कागद वाचायला घेतला. पुढचं वर सांगितलंच.

मोंढ्यात सोयाबीनच्या एका पोत्यामागं शंभर ग्रॅमसाठी आम्ही तोंड फाटेस्तोवर भांडतो. ठाण्यात मी तीन ओल्या पोत्यांचं वजन सोडून दिलं.

दोन-अडीच महिन्यांनी एक बाई आडतीवर आली. त्या ड्रायव्हरची बायको. जामीन नाकारला होता. वकिलानं तिला समजावलं होतं: गांजा वीस किलोच्या वर गेला की कायदा त्याला व्यावसायिक प्रमाण म्हणतो. मग आरोपी निर्दोष असावा असं कोर्टालाच पटल्याशिवाय जामीन नाही. वीसच्या आत ही अट नाही.

"दादा," ती म्हणाली, "तुमी पोत्यासकट मोजलं का पोतं सोडून?"

"पोत्यासकट."

"मग तसं लिवलं का न्हाई?"

तिनं शाळा पाहिली नव्हती. तिला जे विचारता आलं, ते मला त्या ठाण्यात दुसऱ्यांदा विचारता आलं नव्हतं.

जाता जाता बोलली, "गाडीमालक घरी हाय. त्याला अटकेच्या आधीच जामीन. आमची लेकरं बापाला जाळीतून बघून राहिलीत."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वकिलाकडं गेलो. प्रतिज्ञापत्र केलं. वजन पोत्यासकट होतं. पोती ओली होती. बारदाना वजा करू दिला नाही. या वेळी ओळ न् ओळ वाचली. मोठ्यानं.

आडतीच्या मालकानं बोलावलं. स्वतः गादीवर, मी उभा.

"फौजदाराचा फोन आल्ता. कागद वापस घे. गलती झाली म्हणून सांग. तुमच्या लोकांना जरा शिकवलं की डोक्यावरच बसता बघा."

"गलती झालीच, मालक. न वाचता सही केली, ती. ही न्हाई."

"मग उद्यापासून काट्याला हात लावू नको."

नाही लावला.

कोर्टानं दुसरा अर्जही फेटाळला. वजनाचा वाद खटल्यात पाहू, म्हणाले. खटला कधी उभा राहील कुणालाच माहीत नाही. तोवर तो माणूस आत. तो दोषी आहे की नाही, मला ठाऊक नाही. ते कोर्ट ठरवील. पण पाण्याचं आणि तागाचं ओझं त्याच्या डोक्यावर माझ्या सहीनं चढलं. फौजदारानं चढवलं, पण माझ्या हातानं.

आता विष्णुपुरीकडं बांधकामावर जातो. पोलिस दोनदा घरी येऊन गेले. "समजून घे," म्हणाले. आई घाबरली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता मागं सरू नको."

सरणार नाही. समन्स येईल त्या दिवशी साक्षीला उभा राहीन. पहिलं वाक्य माझ्याच विरोधात सांगीन: मी न वाचता सही केली. मग समोर बसलेल्या फौजदाराकडं बोट करून सांगीन, कुणी वाचू दिलं नाही.