रंकाळ्यावरच्या मोटारबोटी आणि आमच्या पडवीतली एक

हुपरीला समुद्र नाही, हे आमच्या ह्यांना कुणी सांगायचं? सगळं गाव चांदीचे पैंजण घडवतं, हेही घडवायचे. पण संध्याकाळी भट्टी विझली की पडवीत शिरून फळ्या ठोकत बसायचे. कॅलेंडरवरच्या मोटारबोटीचं चित्र बघून ह्यांनी तशीच बोट बांधायला घेतली होती. इंजिन विहिरीवरच्या जुन्या पंपाचं. पडवी सगळी अडलेली, माझं जळण बाहेर भिजायचं आणि गल्ली हसायची ती वेगळीच.

ऐंशीच्या आगेमागे कधीतरी पेपरात आलं, मुंबईची एक कंपनी रंकाळ्यावर मोटारबोटी दाखवायला आणणार. ह्यांचं जेवणात लक्ष लागेना. मी अट घातली, "खऱ्या बोटी डोळं भरून बघा. आल्यावर आपली मोडायची."

हे म्हणाले, "मोडू की. पण तू बी चल."

रविवारी सकाळची एसटी धरली. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा गोड वास. कोल्हापूर स्टँडवर उतरून आधी कटवडा खाल्ला. तुम्ही कधी जाणार असाल तर रंकाळ्यावर उपाशी जाऊ नका, तिथला वारा फार भूक लावतो. माझ्या पिशवीत अंबाबाईची ओटी होती: खण, नारळ, हळदीकुंकवाच्या पुड्या. देऊळ वाटेतच, पण हे थांबतात कुठले. "आधी बोटी, मग आई," म्हणत सुटलेच पुढं.

घाटाला पांढऱ्याशुभ्र बोटी लागलेल्या. हे एकीपुढं थांबले ते हलेचनात. हात पुढं करायचे, पुन्हा मागं घ्यायचे. चांदीचं काम करून काळी पडलेली बोटं डाग पाडतील म्हणून भीत होते.

कंपनीचा माणूस मुंबईचा, बोलायला गोड. "या काका, बसा. एक चक्कर मारून आणतो."

आता तुम्हीच सांगा, कोऱ्या गाडीत पूजेशिवाय कोण बसतं? आमच्याकडं सायकल घेतली तरी हळदीकुंकू लागतं. मी पिशवी उघडली, बोटीच्या नाकाला, म्हणजे पुढच्या टोकाला, ठसठशीत कुंकू लावलं आणि घाटाच्या दगडावर नारळ फोडला.

"अहो ताई, ही विकायची आहे!" तो रुमाल घेऊन धावला. पुसायला गेला तर कुंकू आणखीच पसरलं आणि बोटीचं नाक गुलाबी झालं.

"मग ज्याची होईल त्याचं चांगलंच होईल की," मी म्हटलं.

मागनं एक म्हातारा ओरडला, "पावणं, पुसू नगा! नारळ फुटलाय, आता फिरवून आणा त्यास्नी."

तो माणूस हसायला लागला. खोबरंही खाल्लं त्यानं.

बोट सुटली तसं पाणी अंगावर आलं. मी कडेला घट्ट धरलं होतं. हे मात्र डोळे मिटून इंजिन ऐकत होते. लग्न झाल्यापासून इतका सुखी चेहरा मी बघितला नव्हता. मध्येच माझ्या कानाशी आले. "आपलीचं नाक असंच हाय, बघ." मी बघितलं. खरंच तसंच होतं.

अंबाबाईला नवी ओटी घेतली. संध्याकाळच्या एसटीनं घरी परतलो.

सोमवारी सकाळी पडवीचं दार वाजलं. हे पहार घेऊन बोटीपुढं उभे. दिलेला शब्द फिरवायची ह्यांना सवयच नव्हती. "कुठनं सुरू करू?" मलाच विचारलं.

मी देव्हाऱ्यातला करंडा आणला आणि बोटीच्या नाकाला हळदीकुंकू लावलं. "पूजा झालेल्या गाडीवर कुणी पहार घालतंय व्हय?"

ह्यांनी पहार भिंतीला टेकवली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

ती बोट पुढं पंचगंगेत उतरली. चालायची बैलगाडीच्या चालीनं, बंद पडली की आम्ही दोघं मिळून वल्हवायचो. आता हे नाहीत. बोटीनं पडवी अजून अडलेलीच आहे. दसऱ्याला मुलांच्या मोटारी दारात धुऊन उभ्या असतात, पण मी करंडा घेऊन आधी पडवीत जाते.