देवाला विचारलं, तिला नाही

आमच्या धनेशला समुद्राच्या तळाशी सोडा, तो घरात फिरल्यासारखा फिरेल. तोच धनेश जमिनीवर एखाद्या मुलीसमोर उभा करा आणि मग गंमत बघा. तोंडातून शब्द फुटेल तर शपथ.

मी मथुरा. तारकर्लीच्या रस्त्याला माझी खानावळ आहे. धनेश माझ्या दिराचा मुलगा. दीर आणि जाऊ मुंबईला थोरल्या मुलाकडे असतात, हा मात्र शाळा सुटल्यापासून माझ्याकडेच. पर्यटकांना स्कूबाला नेतो. पाठीला टाकी, तोंडात नळी, आणि घाबरलेल्या माणसाचा हात धरून त्याला खालचे मासे दाखवून सुखरूप वर आणायचं, हा त्याचा धंदा. पाण्याखाली बोलावं लागत नाही म्हणूनच तो त्याला मानवला, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तो ऐकून हसतो आणि आणखी भात मागतो.

आता एक सांगते, खोटं वाटलं तर वाटो. बोटीवर ज्या बाया त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, त्याच वर आल्यावर त्याच्याकडे अशा बघतात की मलाच लाज वाटावी. बायाच कशाला, एक मिशाळ साहेब तर त्याच्या गळ्यात पडून रडला होता. कुणी नंबर मागतं, कुणी फोटो काढतं. नाशिकची एक मुलगी मात्र नुसती फोटोवर थांबली नाही. घरी गेल्यावरही रोज फोन. आमचा बाबा हवेत! नवीन शर्ट घेतले, केसांना कसलंसं जेल लावायला लागला, रेंज नाही म्हणून फोन कानाला लावून माडाखाली येरझाऱ्या. दिवाळीला सुरू झालेले फोन शिमग्यापर्यंत कमी कमी होत बंद पडले. भांडण नाही, तंटा नाही. तिचं मन उतरलं, झालं. त्यानंतर हा कितीतरी दिवस धड जेवला नाही. माझं काळीज तुटायचं, पण सांगायचं कुणाला?

त्यातच बोटीवर एक मानसशास्त्राचे प्राध्यापक आले. बोलता बोलता ते म्हणाले, माणूस घाबरला की छाती धडधडते. मन वेडं, त्याला वाटतं ही धडधड शेजारच्या माणसामुळेच आहे, आणि मग तो शेजारचा आवडायला लागतो. जगभर असंच घडतं म्हणे. प्राध्यापक चांगले गृहस्थ होते, माझ्याकडचं सुरमईचं कालवण वाखाणून गेले. पण आमच्या ह्या शहाण्यानं ते वाक्य असं धरून ठेवलं की विचारू नका.

"पाण्यातला प्रेम पाण्यातच रवता, काकी," असं म्हणायला लागला. नाशिकच्या मुलीचा राग गेला, हे बरं झालं. पण त्या दिवसापासून कुणी हसून बघितलं तरी हा म्हणायचा, भियाला आसतला.

आणि अशात दीपिका आली.

दीपिका कणकवलीकडची, आतल्या गावची. घरी भात, काजू, आंबा. ती गुरांच्या दवाखान्यात लागली आणि बदली होऊन मालवणात आली. तिच्या सात पिढ्यांत कुणी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेलं नसेल. ऑफिसातल्यांनी ओढून स्कूबाला आणलं. खाली गेल्यावर तिच्या चष्म्यात पाणी शिरलं आणि ती जी घाबरली! धनेशनं तिला लगेच वर ओढली नाही. नांगराच्या दोरीला धरून, तिचा हात हातात घेऊन तिचा श्वास जागेवर येईपर्यंत तिच्यासमोर थांबला, मग सावकाश वर आणली. वर आल्यावर ती ओकली. मग माझ्याकडे येऊन सोलकढी प्यायली आणि अशी जेवली की वाढणाऱ्याला समाधान वाटावं. मला तिथंच आवडली.

पुढच्या रविवारी एकटीच आली. मी विचारलं, "काय गो, परत स्कूबा?"

"नको गे बाई! जेवूक इलंय."

मग ती रविवारी यायचीच. मी काय आंधळी आहे? माझ्या हातचे मासे चांगले असतात, पण इतकेही नाहीत. ती आली की धनेश आतबाहेर करायचा, पाण्याचे तांबे नको तिथं ठेवायचा. दोघं बोलायची, म्हणजे ती बोलायची. कुठल्या म्हशीनं लाथ मारली, कुठल्या बैलाला इंजेक्शन द्यायला चार माणसं लागली. हा ऐकत राहायचा, आणि ती गेल्यावर तेच मला परत सांगायचा. मी पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवायची.

मे संपला, बोटी किनाऱ्यावर ओढल्या, सीझन बंद. पर्यटक गेले. दीपिका येतच राहिली. रेनकोटमधून, चिखलातून. शेवटी एका रविवारी तिनं माझ्यादेखत त्याला सरळ विचारलं. बिचारी ऑफिसात बोलतात तसं शुद्ध बोलायला लागली, इतकी घाबरली होती.

"धनेश, मला तुम्ही आवडता. घरी कुडाळचं एक स्थळ आलंय. चतुर्थीच्या आत त्यांना उत्तर द्यायचंय. मी आमच्या घरी तुमचं नाव सांगू का?"

आणि हा काय म्हणाला असेल? "मॅडम, तुमका त्या दिवशी भय वाटला होता, म्हणान असा वाटता. जाईत हळूहळू."

शिरा पडो ह्याच्या तोंडावर! ताप आहे का तो, जाईत म्हणायला? ती ताटावरून उठली. हात धुतले, छत्री घेतली आणि गेली. पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

हा मात्र झुरायला लागला. पंधरवडा गेल्यावर मला म्हणतो, "काकी, कौल लावया."

आमच्याकडे माणसाचं कुठंच अडलं की देवाकडे कौल लावतात. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. मला वाटलं, लग्नाचं विचारत असेल, जाऊ दे, होईल एकदाचं मनासारखं. देवळात गेल्यावर कळलं, ह्याला विचारायचंय भलतंच. त्या मुलीचं प्रेम खरं आहे की भीतीतून आलेलं?

बाबली गुरव पाकळ्या हातात घेऊन ह्याच्याकडे बघतच राहिला. "अरे, लगीन होईत काय नाय असा इचारतत. चेडवाच्या मनातला देवान कित्याक सांगूचा? तिका तोंड नाय?"

"तू घाल गाऱ्हाणा," धनेश म्हणाला.

बाबलीनं घातलं. "बा देवा म्हाराजा, त्या चेडवाचा मन खरा आसात तर उजवो कौल दी..." आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि माझं तोंड मिटायच्या आत उजवीची पाकळी खाली. मी हात जोडले, डोळ्यांत पाणी आलं. शेजारून आवाज आला, "फुला जास्तच भिजलली हत, काकी. अशी पडतलीच."

मी देवळात आहे हे विसरले. "मेल्या, तुका देवाचाय पटना नाय? आता काय त्येना पाषाणातसून बाहेर येवन, अंग पुसून तुका सांगूचा?" बाबली हसू दाबायला गाभाऱ्यात गेला. धनेश पायऱ्या उतरला.

गाव लहान. त्याच आठवड्यात बाबलीची गाय अडली. वासरू आडवं आलेलं. दवाखान्यातून दीपिका गेली, तासभर खटपट करून वासरू सोडवलं. बाबली इतका खूश झाला की हात जोडून म्हणाला, "मॅडम, तुमचो कौल उजवो इलो हां!"

"कसला कौल?" तिनं विचारलं, आणि बाबलीनं सगळं सांगून टाकलं.

ती तिथून थेट माझ्याकडे आली. भर दुपारी, पायात गमबूट, कोपरापर्यंत हात धुतलेले तरी अंगाला गोठ्याचा वास. धनेश आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, नारळ खवत बसला होता. मी चुलीजवळ होते, आणि तिथून हलायचा माझा विचार नव्हता.

आजवर ती त्याला तुम्ही म्हणायची. त्या दिवशी एकदम तू. "माझ्या मनातला देवाक इचारलंस? मी काय मेलंय? मी तुझ्या तोंडार सांगलंय ता खोटा, आणि फुलाची पाकळी खरी? आणि तीय खरी नाय म्हणे!"

"तसा नाय... भियालेल्या माणसाक..."

"भियालंय मी! मरणाचा भियालंय. म्हणानच तुझो हात धरलंय. मगे? ती भीती सांजेपर्यंत गेली. तू नाय गेलंस. आज त्या गायीच्या पोटात हात घालून उभी होतंय, तेव्हाय मनात तूच. थय खंयचो समुद्र?" ती आडाळ्यापर्यंत पुढे आली. "आणि भीतीतसून सुरू झाला तर झाला! सुरू खंयसूनय होऊ दे. पुढचे सगळे आयतवार मी चिखल तुडवीत इलंय, ते काय भियान इलंय?"

धनेश खाली बघत होता. खोबऱ्याची वाटी त्याच्या हातात नीट राहीना, आडाळ्यावर खटखट वाजायला लागली.

दीपिकानंही ते बघितलं. जरा हळू आवाजात म्हणाली, "तू तर पाण्यातय भियत नाय. मगे आता हात कित्याक थरथरतत?"

मला वाटलं, आता हा परत काहीतरी प्राध्यापकाचं काढणार. मी पळी हातात घेऊन तयारच होते.

"भय वाटता," तो म्हणाला. "तूय जाशीत म्हणान. पयलीसारखा."

खानावळीत दुसरं कुणी नव्हतं ते बरं. माझ्या पोटच्या पोरासारखा वाढवलेला मुलगा, पण हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. मी पळी खाली ठेवली.

"मगे ता इचार," दीपिका म्हणाली. "देवाक नको, माका इचार."

त्यानं वाटी बाजूला ठेवली. उठला, हात लुंगीला पुसले. "माझ्याशी लगीन करशीत?"

"करतलंय. कुडाळवाल्यांका आजच नाय म्हणान कळवतंय. तू आयतवारी आमच्या घराक ये, बापाशीक इचार. माझी नोकरी मी सोडूचंय नाय. आणि माका परत कधी त्या पाण्यात न्हेवचा नाय."

"नाय न्हेवचंय."

मग ती भूक लागली म्हणून पाटावर बसली. मी पान मांडलं. वाढताना माझा हात चुकला, कढी भाताऐवजी ताटाबाहेर गेली. धनेश तिच्यासमोर तसाच उभा होता.

"जाव नको," तो तिला म्हणाला.

ती कुठंच निघाली नव्हती. तिनं नुकताच पहिला घास तोंडात घातला होता.