लवकीचा लिलाव

देवासाठी मागायले मले कधीच लाज वाटली नाही. चर्चच्या वर्गणीसाठी सुपेल्याच्या बाजारात एकेका दुकानात शिरली मी, कोणी तोंड वाकडं केलं तरी पुन्हा गेली. मागणं ही माझी प्रार्थनाच आहे, अन् देणं ही देणाऱ्याची. पण कोणाचं दान चांगलं दिसते अन् कोणाचं नाही, हे ठरवणारे भेटले की माझं डोकं फिरते.

आमच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाले लोक घरचं पिकलेलं, शिजवलेलं वेदीपाशी आणून ठेवतात. आराधना झाली की त्याचा लिलाव होते, पैसे चर्चच्या वृद्धाश्रमाले जातात. बोली मी पुकारते. त्या वर्षी कॅम्प-1 वस्तीतल्या एका म्हातारीनं आपल्या घराच्या टिनावर चढलेल्या वेलाची लवकी, म्हणजे दुधी, आणली होती. तिचं कमरेचं हाड मोडलं तेव्हा याच वृद्धाश्रमानं तिले सांभाळलं होतं. "आता माझी द्यायची पाळी," असं ती कधीची सांगून राहिली होती.

अन् आमच्या सेक्रेटरीनं ती लवकी टेबलाखाली सरकवली! कावून? तर रसमड्याचे एक कारखानदार पाहुणे म्हणून आले होते, त्यांच्यासमोर केक अन् फळांच्या टोपल्याच शोभतात म्हणे. म्हातारी पहिल्या बाकावरून हे पाहून राहिली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वाकली, लवकी काढली अन् बोली पुकारली.

"बाई, टाइम नाही," सेक्रेटरी कुजबुजले. पाहुणे मात्र हसून म्हणाले, "पैसे मैं दे देता हूँ. लौकी माताजी को वापस कर दीजिए, बेचारी खा लेगी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीचं तोंड एवढंसं झालं.

बेचारी? अरे वा रे वा! मी माईकवरच सुनावलं, "साहब, यहाँ दिया हुआ वापस नहीं होता. लेना है तो घर ले जाइए, पकाइए, खाइए. नहीं तो आपकी बोली कैंसल."

पुढच्या वर्षी बोली दुसऱ्यानं पुकारावी, असं कमिटीनं नंतर मले सांगितलं. सांगू द्या, मीच पुकारीन.

पाहुणे गोरेमोरे झाले, पण उठले, पैसे दिले अन् लवकी घेतली. म्हातारी काठी टेकत त्यांच्यामागं गाडीपर्यंत गेली. साहेबाले मराठी समजते का, हेही तिनं विचारलं नाही.

"कवळी आहे, साल काढजो नको. चण्याची दाळ टाकजो. अन् कशी झाली ते येऊन सांगजो मले."

साहेब लवकी धरून, मान खाली घालून ऐकून राहिले होते. घेणाऱ्याले ऐकावंच लागते.