चौथ्या ओळीतला कोबी

कोंडीरामांनी भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं एकच काम केलं. तयार झालेला माल तपासायचा आणि त्यातला खराब नग बाजूला काढायचा. खराब नगावर लाल रंगाची फुली मारून तो वेगळ्या पेटीत टाकायचा, असा तिथला नियम. एकदा साहेबाचा पुतण्या शब्द टाकायला आला, तरी त्यांनी मारलेली फुली पुसली नव्हती. निवृत्त झाले तेव्हा लाल रंगाचा अर्धा डबा आणि ही सवय, दोन्ही घरी आली.

घर चाकणजवळच्या खेड्यात. गावची बरीच जमीन गोदामांखाली गेलेली. उरलेल्या तीस गुंठ्यांत कोंडीराम कोबी घेत. मागच्या हिवाळ्यात त्या कोबीला घाण्या लागला. आधी पानाच्या कडेकडून आत शिरणारा पिवळा तिकोन दिसतो, मग शिरा काळ्या पडतात, शेवटी गड्डा सडतो आणि शेतात उभं राहवत नाही, इतका वास सुटतो. हा रोग जिवाणूंचा. दव पडलं की पाण्याच्या थेंबांबरोबर या पानावरून त्या पानावर जातो. त्या वर्षी गावातल्या नऊ जणांचा कोबी जनावरांपुढे पडला.

म्हणून यंदा कृषी महाविद्यालयातली हर्षाली नावाची मुलगी आली, तेव्हा कोंडीरामांनी तिला आपल्या शेतातला बांधाकडचा तुकडा आनंदानं दिला. कोबीचा कोणता वाण घाण्यापुढे किती टिकतो, हे तिला पाहायचं होतं. सहा वाण, सहा ओळी, प्रत्येक ओळीत चाळीस रोपं, ओळीच्या तोंडाशी आकडा घातलेली खुंटी.

"काका, औषध अजिबात मारायचं नाही, आणि पाणी सगळ्यांना सारखं," तिनं बजावलं होतं.

कोंडीरामांनी दोन्ही गोष्टी काटेकोर पाळल्या. पण नोव्हेंबरच्या शेवटी पहिला पिवळा तिकोन दिसला, तेव्हा त्यांचा हात आपोआप पुढे गेला. चांगल्या मालात खराब नग राहू द्यायचा कसा? त्यांनी ते रोप मुळासकट उपटलं, माती सांडू नये म्हणून पोत्यात घातलं आणि बांधापलीकडच्या खड्ड्यात पुरलं. खुंटीवर लाल रंगाची एक रेघ ओढली. मग रोज सकाळी हेच काम.

"अवो, खुंट्यांना कुंकू लावताय का काय?" त्यांच्या पत्नी शालनबाई म्हणाल्या. "कोबीची ओटी पण भरा आता."

"किती काढले त्याची खूण हाय ती."

"कंपनी सुटली, पर फुली काय सुटंना."

चौथ्या ओळीवर त्यांचा विशेष जीव. गड्डा गोल, घट्ट, हातात घेतला की वजन लागणारा. त्या ओळीतून ते दिवसातून दोनदा फिरत.

जानेवारीत हर्षाली मोजणीला आली. शेजारचा शेतकरी बाळू फोन हातात धरून बांधावर उभा होता. नऊ जणांचं पुढच्या हंगामाचं बी आजच सांगून ठेवायचं, असं ठरलं होतं.

"चौथ्या ओळीत फक्त तीन रोगट," हर्षाली म्हणाली.

"म्हंजी चार नंबर पक्का," बाळू म्हणाला. "सांगतो दुकानदाराला."

"थांबा. इथं एकोणतीसच रोपं आहेत. बाकीची लावल्यावर मेली का, काका?"

कोंडीराम उत्तर द्यायला गेले आणि त्यांच्या लक्षात आलं. खराब नग काढून टाकायचे आणि उरलेले मोजून मशीन झकास आहे म्हणायचं, या चुकीवरून त्यांनी किती नव्या पोरांना झापलं होतं. इथं त्यांनी तेच केलं होतं. उंदरांनी खाल्ली म्हटलं असतं, तरी कुणी विचारलं नसतं. बाळूनं दुकानदाराला फोन लावायलाही घेतला होता. पण नऊ जणांच्या शेतात पुन्हा घाण्या आला, तर तो त्यांच्या या एका खोट्या शब्दापायी येणार होता.

"बाळू, फोन ठेव," ते म्हणाले. "मेली न्हाईत. मी उपटली. घाण्या दिसला की उपटायचो, सगळ्याच ओळींतनं. त्या रेघा त्याच्याच."

हर्षाली चौथ्या खुंटीशी वाकली. "काका, रोग किती येतो, तेच तर बघायचं होतं."

"आत्ता कळलं."

"उपटू नका, हे मीही सांगायला हवं होतं." तिनं वहीचं नवं पान काढलं. चौथ्या खुंटीवर अकरा रेघा होत्या. उभे रोगट तीन धरून चौदा. दुसऱ्या ओळीचा गड्डा लहान, चपटा; त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. तिथं एक रेघ आणि दोन रोगट. सहाव्या खुंटीला म्हशीनं अंग घासलं होतं, रंग पुसला गेला होता.

"इथं किती होत्या?"

"चार असतील. न्हाईतर सहा." कोंडीरामांनी पुसलेल्या रंगावर बोट फिरवलं. "ती ओळ धरू नका."

"तात्या, हे आधी बोलायचं राव," बाळू म्हणाला. "आन दोन नंबर बाजारात कोण घेईल? बसल्यावाणी दिसतोय गड्डा."

"बसलाय, पर सडला न्हाई."

हर्षालीनं समजावून सांगितलं. रोगट रोपं काढली की रोग पसरायचाही कमी होतो, त्यामुळे चौदा हा आकडासुद्धा खरा नाही, खरा याहून मोठा असेल. हा तुकडा महाविद्यालयाच्या अहवालात घेता येणार नाही. कोंडीरामांनी सगळं ऐकून घेतलं. मग घरातून ब्रश आणला आणि तुकड्याच्या कडेला लावलेल्या महाविद्यालयाच्या पाटीवर स्वतःच फुली मारली.

बाळूनं चार नंबरचा नाद सोडला, पण दोन नंबरही घेतला नाही. कोंडीरामांनी मात्र मार्चमध्ये दोन नंबरचं बी सांगून ठेवलं. पुढचे आठ दिवस पारावर त्यांची बरीच थट्टा झाली.

ऑक्टोबरात हर्षाली पुन्हा रोपं घेऊन आली. "यंदा हात मागं बांधूनच हिंडा," शालनबाईंनी बजावलं. कोंडीराम खरोखरच हात पाठीमागे धरून ओळींतून फिरू लागले. नोव्हेंबरातल्या एका सकाळी चौथ्या ओळीत पानाच्या कडेला पिवळा तिकोन दिसला. ते वाकले, नीट पाहिलं, वहीत तारीख लिहिली आणि पुढच्या रोपाकडे गेले.