कापायचा राहिलेला दणका

आमच्या समूहगान मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेटी संगणकावर उतरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण चालू टेपरेकॉर्डर फक्त माझ्याकडे उरला होता. दुपारी मी खिडक्या लावून ऐकत बसायचो. बोईसरला खिडकी उघडी राहिली की कारखान्यांचा वास घरात शिरतो आणि घशात बसतो.

एका कॅसेटवर कुंभवलीच्या शाळेतला कार्यक्रम निघाला. गाणं रंगात आलेलं असताना लांबून एक जड दणका येतो. पत्रे थरथरतात, पेटी थांबते, कुणीतरी ओरडतं. मग एकट्या बाईचा आवाज पुढचं कडवं उचलतो. हळूहळू बाकीचे तिच्यामागे येतात.

तो आवाज वहिनींचा. सगळं मंडळ त्यांना वहिनीच म्हणतं. त्या संध्याकाळी त्यांचे यजमान कारखान्यात पाळीवर होते. ते घरी आलेच नाहीत.

मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "तेवढा भाग कापून टाका. लोकांना कशाला ऐकवायचा?"

वहिनींना न विचारता कापायला माझा हात धजेना. त्यांना घरी बोलावलं. दणका आला तेव्हा त्या हलल्यासुद्धा नाहीत. स्वतःचा आवाज सुरू झाला तशी त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"आवाज कुठल्या अंगानं आला, त्यावरनंच मी समजली," त्या म्हणाल्या.

"मग गायलात कशा?"

"पोरगी समोर बसलेली. माझ्या तोंडाकडं बघत होती. मी थांबली असती तर तिला कळलं असतं." मग म्हणाल्या, "कापू नका तुमी. तिला पण ऐकू दे."

रविवारी वहिनी मुलीला घेऊन आल्या. ती आता वडील कामाला होते त्याच औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मग आईकडे न बघता म्हणाली, "मला तवाच कळलं होतं, आई. तुझे हात कापत होते."

इतकी वर्षं दोघी एकमेकींपासून तेच लपवत आल्या होत्या.

मुलीच्या पाळीची बस यायची होती. ती चपला घालत असताना वहिनींनी विचारलं, "आज कुठल्या बाजूला हाय काम?"

"रोजच्याच," ती म्हणाली आणि जिना उतरली. वहिनी दारात उभ्या राहिल्या. मी चहा पुढे केला, तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. वसाहतीच्या बाजूला कान देऊन त्या ऐकत होत्या.