व्हॉल्व्ह घासताना

परवा बीडला गाडी दुरुस्तीला टाकली. गॅरेजात रॉकेल आणि व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टचा वास आला, आणि मला चौसाळ्याचं आमचं अंगण आठवलं.

लग्नाला थोडेच महिने झाले होते. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. घरातले सगळे जुनी अॅम्बॅसेडर भंगारात द्या म्हणत होते, आणि मामा तिचं इंजिन उघडून बसले होते. व्हॉल्व्हच्या कडेला पेस्ट लावून, रबरी वाटीनं व्हॉल्व्हला चिकटवलेली काठी तळहातांत फिरवत, तो जागेवर घट्ट बसेपर्यंत घासत होते. बोटांचे सांधे सुजल्यानं हात सारखे थांबत. मी चहा ठेवला आणि धीर करून म्हणाले, "मामा, मी करू का?"

त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "ताक घुसळती तशी फिरव. लई दाबू नको."

आधी खरखर झाली, मग आवाज मऊ होत गेला. सगळे व्हॉल्व्ह बसवून, कुठं फट राहिली का बघायला दुपारी मामांनी वरून रॉकेल ओतलं. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. थेंबही झिरपला नाही.

"बसले की गं!" माझ्याशी बोलताना ते पहिल्यांदाच हसले.

गाडी सुरू झाली त्या दिवशी मामा डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. "ये, तिकडं बस. शिकायची हाय का न्हाई तुला?"

तेव्हा वाटलं, थट्टा करतायत. आता कळतं, त्या घरात मला काय हवंय हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून तसं वाटलं. तरी मी पदर खोचला आणि स्टिअरिंगसमोर बसले.